हाताचे आटे

सातवीण फुलली की मला घरात बसवत नाही. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर दोन सातविणी आहेत, आणि थंडीच्या तोंडावर त्या अशा काही बहरतात की वास जिन्यातून वर येतो, पडद्यात शिरतो, उशीत शिरतो. लोक त्याला सुगंध म्हणतात. म्हणोत. माझं डोकं चढतं. खिडकी लावावी तर कोंडल्यासारखं होतं, उघडावी तर धूर आत येतो. मग मी उगाच कपाटं आवरते, दिवाणातले स्वेटर डांबरगोळ्यांच्या वासासकट गच्चीवर टाकते, तासाभरात खाली आणते आणि पुन्हा घड्या घालते. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. वय वाढलं, भिंगरी तशीच आहे. ऑफिसातसुद्धा मी फायली उभ्यानं वाचते. शेजारच्या टेबलावरचे साहेब एकदा म्हणाले, "मॅडम, ये कुर्सी सरकार ने आप ही के लिए दी है."

परवा या सगळ्यात आणखी भर पडली. माझी मुलगी सई आठवीत आहे. तिच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला की येत्या शनिवारी मुलांना तंत्रज्ञानाच्या आणि नव्या शोधांच्या मेळ्याला नेणार आहेत, तिथं प्रत्येक वस्तू हात लावून, चालवून बघता येईल, आणि पालकांनीही यायला हरकत नाही. सईनं विचारलं, "मम्मा, तू चलशील ना?" मी "बघू" म्हणाले आणि भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच मेळ्यात मी आबांना घेऊन गेले होते. आबा म्हणजे माझे वडील. महिनाभर जे माझ्या डोळ्यांसमोर होतं ते मी पाहिलंच नव्हतं, हे मला तिथं हजार माणसांच्या गर्दीत कळलं. तेव्हापासून सातविणीचा वास आला की मला वाटतं, आत्ताही काहीतरी समोर आहे आणि मी ते बघत नाहीये. अस्वस्थपणाला एवढं कारण पुरे असतं.

आबा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. साताऱ्याकडच्या एका लहान गावातून भरती झाले आणि आयुष्यभर ट्रकांच्या पोटाखाली आडवे पडून राहिले. माझं अर्धं लहानपण इथल्याच कॅन्टोन्मेंटमध्ये गेलं. निवृत्तीनंतर ते आणि आई गावी गेले. त्या वर्षी श्रावणात आई गेली. दिवाळी झाल्यावर मी आबांना इकडे घेऊन आले. माझ्या मनात कायमचं, त्यांच्या मनात महिन्याभरासाठी. डिसेंबरचं परतीचं रिझर्वेशन खिशात घालूनच ते आले होते. "माझी हत्यारं तिकडं गंजतील," हे कारण. एकट्या माणसानं त्या घरात राहायचं, स्वतः चूल पेटवायची, विहिरीवर जायचं, या कल्पनेनं माझी झोप उडाली होती. मी रोज विषय काढायचे. ते रोज "बघू" म्हणायचे. हा शब्द मी त्यांच्याकडूनच उचलला असणार.

दिल्लीची थंडी लपवाछपवीला फार सोयीची. रस्त्यावर ज्याचे त्याचे हात खिशात. आबांचाही उजवा हात जॅकेटच्या खिशात असायचा. त्यांना इथल्या गारठ्याची सवय राहिली नाही असं समजून मी लोकरीचे हातमोजे आणून दिले. कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस, पण महिनाभर गोल गळ्याचे स्वेटरच घालत होता. दाढी वाढवली होती. ती मी दुःखाची समजले. चहा अर्धा कपच ओत म्हणायचे. मला वाटलं, झोप येत नसेल. नोव्हेंबर म्हणजे निवृत्त माणसांनी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचा महिना. हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना बँकेत नेलं. तिथल्या यंत्रावर बोट ठेवायचं असतं. यंत्र तीनदा नाही म्हणालं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, उँगली हिलाइए मत." आबा हसले. मला म्हणाले, "मशीनच्या हिशोबानं मी गेलोय." मी म्हटलं, पान्यानं नट आवळून आवळून बोटांच्या रेषा झिजल्यात. शेवटी डाव्या हाताच्या बोटावर काम भागलं आणि मी त्यांना रिक्षात बसवून ऑफिसला पळाले. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. घाईतल्या माणसाकडे उत्तरं फार असतात.

आणि ती आट्याची गोष्ट. एका संध्याकाळी मी घरी आले तर सईनं दारातच सांगितलं, "मम्मा, आबा बोल रहे थे, उनके हाथ आटे में गए." तेव्हा ती सहावीत होती आणि तिचं मराठी असंच होतं. आम्ही घरात मराठी बोलायचो, ती अर्धं हिंदीत उत्तर द्यायची. शाळेतल्या मैत्रिणी तिला 'सही' म्हणतात आणि तीही त्या नावाला ओ देते, यावरून काय ते समजा. आबांचं बोलणं तिला निम्मं कळायचं, तिचं आबांना. दोघं एका सोफ्यावर बसून आपापल्या भाषेत गप्प असायची.

तिचं वाक्य ऐकून मी समजले ते असं, की मला यायला उशीर होतो म्हणून आबा बिचारे कणिक मळायला गेले. मला भरूनही आलं आणि रागही आला. आत जाऊन म्हटलं, "आबा, तुम्ही कशाला कणकेच्या भानगडीत पडता? मी आल्यावर करते ना!" आबांनी उजवा हात खिशात घातला. मग "बरं" म्हणाले. स्वयंपाकघरात परात कोरडी होती, पिठाचा डबा जागचा हललेला नव्हता. मी ते पाहिलंसुद्धा. पण तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि विचार तिथंच राहिला.

मेळ्याला जायचा हट्ट सईचाच. रविवार होता. नवरा नोएडात नोकरीला, त्याच्या कंपनीत रविवार हा वार नसतो, त्यामुळे आम्ही तिघं निघालो. आबांच्या खिशात कायम स्क्रू पिळायचा एक छोटा पेचकस असायचा, आणि त्यापायी मेट्रोच्या तपासणीत दरवेळी आमची वरात अडायची. त्या दिवशी खिसा रिकामा निघाला. पाच मिनिटं वाचली म्हणून मला बरं वाटलं, बाकी काही वाटलं नाही.

आमची पिढी 'कृपया हात लावू नये' या पाटीखाली वाढली. इथं दारातच लिहिलेलं, 'छूकर देखिए, चलाकर देखिए'. मोठा थोरला हॉल, वर पत्र्याचं छप्पर, आणि आत एकाच वेळी शंभर गोष्टी गुरगुरत, फिरत, चमकत होत्या. एक सायकल होती, ती चालवली की मिक्सरमध्ये संत्र्याचा रस निघायचा. सरदारजींचं एक अख्खं कुटुंब तिच्यावर पाळीपाळीनं घाम गाळत होतं. एक यंत्र गरम प्लास्टिकचा धागा सोडत थरावर थर चढवून इवलासा हत्ती तयार करत होतं. जाळीच्या पिंजऱ्यात ड्रोन भुणभुणत होते. हरियाणातल्या एका काकांनी मोपेडच्या इंजिनावर फवारणीचा पंप केला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते तो सुरू करून दाखवत होते, धूर आम्हाला. मुलं टेबलांवर ओणवी झाली होती. जुनी घड्याळं, रेडिओ, कुणाचा तरी बिघडलेला प्रिंटर उघडून त्यांच्या आत हात घालत होती. लाउडस्पीकरवरून हरवलेल्या मुलांची नावं, जळक्या सोल्डरचा वास, मोमोजचा वास. मी एका टेबलावरून दुसऱ्यावर उडत होते. "चला, चला, अजून तिकडचा भाग राहिलाय." जणू कुणी शेवटी माझी परीक्षा घेणार होतं. आबा मात्र एका ठिकाणी थांबले ते हलेनात.

तिथं इंजिनिअरिंगच्या दोन मुली होत्या. टेबलावर एक जाड दांड्याचा काळा चमचा आणि वाटीत राजम्याचे दाणे. लांब वेणीवाली मुलगी सांगत होती की ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी हा चमचा आहे, हात कितीही हलला तरी चमचा स्थिर राहतो. लोक रांगेनं चमचा धरायचे आणि मुद्दाम हात हलवायचे. सईनं तर लग्नाच्या वरातीत नाचल्यासारखा हात हलवला. दाणे पडले नाहीत. सगळे हसले, टाळ्या झाल्या.

"अंकल, आप भी ट्राई कीजिए. बस, हाथ थोड़ा हिलाना है."

आबांनी उजवा हात खिशातून काढला आणि चमचा धरला. दाणे उडायला लागले. एक टेबलावर, एक माझ्या चपलेशी. दांडा खडखड वाजत होता.

"अरे अंकल, इतना नहीं!" मुलगी हसत म्हणाली. "थोड़ा कम हिलाइए."

"मैं नहीं हिला रहा, बेटा," आबा म्हणाले.

त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. वेणीवाल्या मुलीचं हसू तोंडावर तसंच अडकलं. मागे उभा असलेला एक माणूस मोबाइलवर फोटो काढत होता, त्यानं हात खाली केला. मी त्या हाताकडे बघत होते. माझ्या लग्नात अक्षता टाकलेला, मला सायकल शिकवताना सीटखाली धरलेला हात. तो आता आबांचं ऐकत नव्हता.

आबांना मात्र भलतीच काळजी. त्यांनी डाव्या हातानं चमचा कानाशी नेला, हलवून ऐकला आणि म्हणाले, "इसका स्क्रू पकड़ नहीं रहा. खोलूँ?" मुलीनं पटकन पेचकस पुढे केला. आबांनी पेचकसाकडे बघितलं, हाताकडे बघितलं आणि पेचकस सईला दिला.

"तू धर. मी सांगतो तसं कर. डावीकडं फिरव. आधी दाब, मग फिरव. दमानं. हां, काढ बाहेर. बघ, आटा गेलाय ह्याचा."

"आटा?" सई चमच्यात डोकावली. "आटा कुठाय आबा? राजमा आहे."

आबा मोठ्यानं हसले. महिन्यात पहिल्यांदा. "खायचा आटा नव्हे गं. ह्या स्क्रूवर गोल गोल रेघा आहेत ना, त्याला आपल्यात आटा म्हणतात. तो झिजला की स्क्रू नुसता फिरत बसतो. धरत नाही."

"अच्छा," सई म्हणाली. मग थांबली. "मतलब त्या दिवशी तुम्ही बोलले की हाताचे आटे गेले…"

"हां. तेच."

सईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

तिला तो शब्द माहीत नव्हता, तिची काय चूक? मला तर पोळीच्या आधी हा आटा माहीत होता. कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपमागे रविवारी आबा काहीबाही दुरुस्त करायचे आणि मी तेलाची कुपी धरून बसायचे. लोखंडाच्या भोकात आटे पाडायचे असले की ते टॅप फिरवायचे: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मी एक-एक थेंब तेल सोडायचे. मागे कशाला यायचं, असं मी विचारायचे. मला सरळ पुढे जायची घाई. "मागं आलं नाही तर किस अडकतो, टॅप तुटतो," आबा सांगायचे. "सावकाश." घरात नळ गळला तरी आटे, बरणीचं झाकण बसेना तरी आटे, आणि शेजारचे हवालदार दारू पिऊन आले की त्यांच्या डोक्याचे आटे. या शब्दावर मी वाढले. आणि दिल्लीत इतकी वर्षं राहून तोच शब्द कानावर आला तेव्हा मला आठवली ती परात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आबांनी मला सांगितलं होतं. त्यांना जमेल त्या भाषेत, नातीच्या हाती निरोप देऊन सांगितलं होतं. मी त्यांना कणिक मळू नका म्हणाले.

पुढचं काम आजोबा-नातीनं मिळून केलं. मोमोजच्या प्लेटमधली दात कोरायची काडी सईनं मोडून भोकात बसवली, वरून स्क्रू पिळला, आबा "दमानं, दमानं" म्हणत राहिले. या वेळी आबांच्या हातात चमच्यातले निम्मे दाणे टिकले. वेणीवाली मुलगी वहीत भराभर लिहून घेत होती. निघताना ती आबांना म्हणाली, "अंकल, कल भी आइए ना. यहाँ सब हिलाने का नाटक करते हैं."

बाहेर पायऱ्यांवर धुरकट ऊन पडलं होतं. सई छोले-कुलचे खात बसली. आबा बसले. मी उभीच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वैशाखापासून. तुझ्या आईला ठाऊक होतं. शर्टाची बटणं तीच लावायची."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की," आबा म्हणाले. रागानं नाही. "आणि तिकडं जाऊन पडलो असतो, तर तुला त्रास नव्हता. तुला आधीच उसंत नाही."

म्हणजे परतीचं रिझर्वेशन हत्यारांसाठी नव्हतं. कुणाला दिसायच्या आत त्यांना निघून जायचं होतं. मी फोन काढला, तिकीट रद्द करायला लागले, दुसरीकडे कोणत्या डॉक्टरांना विचारायचं ते मोठ्यानं ठरवायला लागले.

"मी राहीन," आबा म्हणाले. "पण तू बसशील का?"

"म्हणजे?"

"मी बोलत असताना. बसशील का?"

मी हो म्हटलं. उभ्या उभ्याच.

आबा राहिले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, औषधं सुरू झाली, हात थोडा आवरला. आणि मी? मी फ्रीजवर वेळापत्रक लावलं. व्यायाम, गोळ्या, तपासण्या, फेऱ्या. वडिलांची सेवा मी इतक्या जोरात केली की त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. चैत्र लागल्यावर ते म्हणाले, "मला आता सोड. तुझ्या घरात मी म्हणजे दुरुस्तीला आलेला ट्रक झालोय." गावी चुलतभाऊ आणि वहिनी शेजारच्याच घरात राहतात, जेवणखाण आता तेच बघतात. मी आबांना गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं आणि सुटकाही वाटली. दोन्ही एकदम.

बसायचं काम सईनं केलं. दीड वर्ष झालं, ती रोज संध्याकाळी आबांना व्हिडिओ कॉल लावते आणि घरातलं काहीतरी उघडून बसते. तिकडून आबा उंटावरून शेळ्या हाकतात. तिनं इस्त्री उघडली, दाराची बेल उघडली, माझा चालू असलेला मिक्सर उघडून बंद पाडला आणि आठवड्यानं पुन्हा चालू केला. पाना, वायसर, कानस, पोगर हे वर्कशॉपमधले शब्द तिच्या तोंडात आले. मध्यंतरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिनं ठणकावलं, "भैया, इसका आटा गया है," तेव्हा तो बिचारा स्वयंपाकघराकडे बघायला लागला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

परवा, मेळ्याचा निरोप आला त्याच दिवशी, कॉल संपल्यावर सई म्हणाली, "मम्मा, आबांचा आवाज छोटा झालाय. व्हॉल्यूम फुल आहे तरी."

"नेटवर्क असेल," मी म्हणाले. ताबडतोब.

आणि म्हणून घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. दोन दिवस ते वाक्य घरभर माझ्या मागं फिरत होतं. या दुखण्यात आवाजही बारीक होत जातो, हे डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. काल ऑफिसात पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. शनिवारी सई तिच्या वडिलांबरोबर मेळ्याला जाईल. त्यालाही एकदा कळू दे शनिवार काय असतो. सईला सांगितलं तेव्हा ती फक्त "बिल्कुल जा" म्हणाली आणि आबांसाठी सोल्डरची तार माझ्या बॅगेत टाकली.

आज दुपारी मी स्वतः आबांना फोन केला. कुकर चढवलेला, मिक्सर फिरतोय, फोन खांद्यावर दाबलेला. म्हटलं, "आबा, मी येतेय. शुक्रवारी निघते. पंधरा दिवस राहीन."

पलीकडून काहीतरी आलं. फुंकर घातल्याइतकं.

"काय म्हणालात?"

पुन्हा तेवढंच. मला वाटलं, कळलं. जन्मभर या माणसानं मला निरोप देताना एकच सांगितलंय, सावकाश ये, घाई करू नको. तेच म्हणत असणार. "बरं, बरं" माझ्या ओठांवर आलंच होतं. मग मी मिक्सर बंद केला. गॅस बंद केला. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि पुन्हा विचारलं.

आबा म्हणत होते, "लवकर ये."